लक्ष देणं आणि लक्ष लागणं : मुलांचा गृहपाठ आणि आपण

(अलिबागला पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

तुमच्यापैकी बरेच जण मुलांना अभ्यासाला बसवून इथे आले असतील. आणि त्यातली निम्मी मुलं या क्षणी अभ्यासाला बसलेली नसतील. (हशा) हसलात, म्हणजे विषय समजावून सांगायची गरज नाही. वही उघडलेली आहे, पेन हातात आहे, आणि मुलगा खिडकीतून कावळा बघतोय. मग पाणी प्यायला उठतो. मग खोडरबर सापडत नाही. मग ‘शू’ला जायचं असतं. वीस मिनिटांचा गृहपाठ दोन तास चालतो आणि त्या दोन तासांत घरातल्या प्रत्येकाचा आवाज चढतो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि बालरोगतज्ज्ञही नाही, हे आधी सांगतो. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे मी थांबेन आणि तुम्हाला त्यांच्याकडे जा म्हणेन. पण ‘लक्ष’ म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जरा नीट कळलं तर संध्याकाळचं भांडण थोडं कमी होतं, असा माझा अनुभव आहे.

आपली भाषा काय सांगते

आपण घरात दोन वाक्यं सारखी बोलतो. मुलाला म्हणतो, ‘लक्ष दे.’ आणि शेजारणीला सांगतो, ‘त्याचं लक्षच लागत नाही हो.’ ही दोन क्रियापदं वेगळी आहेत. लक्ष देणं ही कृती आहे, ती मी करतो. लक्ष लागणं ही घटना आहे, ती माझ्या बाबतीत घडते, जशी भूक लागते, झोप लागते. क्रिकेटच्या मॅचमध्ये लक्ष लागतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. भागाकाराला मात्र लक्ष द्यावं लागतं, आणि देताना थकायला होतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने 1890 साली मानसशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने हाच फरक केला आहे : आपोआप वेधलं जाणारं लक्ष आणि इच्छेने दिलेलं लक्ष. पुढे तो एक फार उपयोगी गोष्ट सांगतो. इच्छेने दिलेलं लक्ष एका वेळी काही सेकंदांपेक्षा जास्त टिकतच नाही. कोणाचंच नाही. ज्याला आपण ‘तासभर एकाग्र होता’ म्हणतो, तो खरं तर तासभर पुन्हा पुन्हा परत येत असतो. मन सुटतं, तो आणतो. सुटतं, आणतो. पुढे विषयातच गोडी वाटू लागली की काम सोपं होतं, कारण मग लक्ष ‘लागतं’.

म्हणजे चंचल मुलात आणि शांत मुलात फरक काय? दोघांचंही मन पळतं. शांत मुलाचं लवकर परत येतं, आणि आलेलं आपल्याला दिसत नाही. चंचल मुलाला परत यायची वाट सापडायला वेळ लागतो. मग आपलं काम काय? मन पळूच नये असा बंदोबस्त करणं हे काम नव्हे, ते ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. परत यायची वाट सोपी करणं, एवढंच.

आणि हे काही जेम्सचं एकट्याचं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन चंचल आहे, वाऱ्यासारखं आवरत नाही. कृष्ण ती तक्रार नाकारत नाही. हो, चंचल आहेच म्हणतो, आणि मग उपाय सांगतो त्यातला पहिला शब्द आहे : अभ्यास. आपण मराठीत या शब्दाचा अर्थ फार लहान करून टाकला. ‘अभ्यास झाला का?’ म्हणजे पानं लिहून झाली का. मूळ अर्थ आहे पुन्हा पुन्हा केलेला यत्न. पतंजलीच्या योगसूत्रांत तर व्याख्याच आहे : स्थिर राहण्यासाठी केलेला प्रयत्न म्हणजे अभ्यास. स्थिर झाला म्हणजे अभ्यास झाला, असं पतंजली म्हणत नाही. प्रयत्नालाच अभ्यास म्हणतो. या अर्थाने तुमचा मुलगा पाच वेळा उठला आणि पाचही वेळा परत येऊन बसला, तर त्याने पाच वेळा अभ्यास केला. आपण मात्र फक्त उठणं मोजतो.

आपल्याच गावातली एक गोष्ट

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून तुम्ही रोज जाता. ती इथे का आली, ठाऊक आहे? मुंबईत कुलाब्याला जुनी वेधशाळा होती. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. त्या यंत्रांतली सुई फार नाजूक. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह जवळून गेला की सुई हलणार आणि नोंदी निकामी होणार. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. त्यांनी काय केलं? ट्रामपासून दूर, शांत जागा शोधली. ती जागा म्हणजे आपलं अलिबाग. लोखंड टाळून, नीट तपासलेल्या साहित्याने इमारत बांधली आणि 1904 साली इथे काम सुरू केलं. मुंबईत विजेची ट्राम 1907 साली धावली.

यातल्या दोन गोष्टी मला पालकांना सांगाव्याशा वाटतात. पहिली, सुई हलते म्हणून कोणी सुईला बोललं नाही. तिची नाजूकता हा दोष नव्हता, तिचं काम त्या नाजूकतेमुळेच व्हायचं. आधी आजूबाजूचा गोंधळ दूर केला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इथे काम सुरू केल्यावर त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन ठिकाणचा फरक नेमका कळावा. आधी बघितलं, मोजलं, मग जुनं सोडलं.

आपण उलटं करतो. बघत नाही, मोजत नाही, थेट उपाय सुरू करतो. आणि पहिला उपाय असतो ओरडणं.

मी स्वतः काय केलं

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा सगळा कोरडा उपदेश होईल. माझा मुलगा चौथीत होता तेव्हाची. मी त्या वर्षी कॉलेजात हेच शिकवत होतो, मन म्हणजे काय, अवधान म्हणजे काय. एका संध्याकाळी भागाकाराच्या सात उदाहरणांना दोन तास झाले. तो मध्येच माझ्या चष्म्याच्या डबीशी खेळायला लागला. मी वही उचलली आणि भिरकावली. माझा हात तेवढ्यावर थांबला याचं श्रेय मला नाही, त्याची आई मध्ये आली.

तो रडला नाही. त्याने वही उचलून आणली, दुमडलेलं पान हाताने सरळ केलं आणि अगदी समजूतदारपणे मला म्हणाला, ‘बाबा, माझं डोकंच तसं आहे.’

नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल एक सिद्धांत मांडला होता, आणि त्याला पुरावा मी दिला होता, रोज संध्याकाळी, कित्येक महिने. काही महिन्यांनी शाळेत डोळे तपासले तेव्हा कळलं की त्याला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं. तो उदाहरणं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचा, आकडे चुकायचे, घरी उत्तर जुळायचं नाही आणि तो कंटाळायचा. चष्मा आला म्हणून सगळं सुटलं असं झालं नाही. चुळबुळ तशीच राहिली, तो माणूसच जरा भिरभिरता आहे, आजही आहे. पण ‘डोकंच तसं आहे’ हे मनातून निघायला चष्म्यापेक्षा खूप जास्त वर्षं लागली. म्हणून म्हणतो, पणाला लागलेली गोष्ट गृहपाठ नसते. तो उद्या विसरला जातो. मूल स्वतःबद्दल काय ठरवून बसतं, ते राहतं.

आधी बघा

तर पहिलं काम : आठ-दहा दिवस काहीही बदलू नका. एक छोटी वही घ्या आणि चार गोष्टी लिहा. किती वाजता बसला, बसण्यापूर्वी काय केलं होतं, कुठल्या विषयाला आणि नेमक्या कुठल्या जागी मन उडालं, आणि त्या वेळी घरात काय चालू होतं.

दहा दिवसांनी ती वही वाचलीत तर बहुधा काहीतरी दिसेल. भाषेच्या अभ्यासाला तो बसतो, गणिताला उठतो. गणितातही बेरजेला बसतो, भागाकाराला उठतो. म्हणजे ‘लक्ष लागत नाही’ हा प्रश्नच नव्हता, सातचा पाढा येत नाही हा होता. मन जिथून पळतं तिथे पुष्कळदा काहीतरी अडलेलं असतं. अडलेल्या जागी बसून राहणं मोठ्यांनाही जमत नाही. बँकेचा न कळणारा फॉर्म भरताना आपण कितीदा उठतो, आठवा.

किंवा असं दिसेल की शाळेतून आला, भूक लागली होती, बिस्किटं खाल्ली आणि तसाच बसवला. किंवा झोप कमी आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. रात्री अकराला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाचा हिशोब तुम्हीच करा.

जागा आणि वेळ : जुना परवचा

माझ्या लहानपणी आमच्याकडे दिवेलागणीला परवचा असायचा. इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. हातपाय धुवायचे, देवापुढे दिवा लागला की शुभंकरोति, मग पाढे, पावकी, निमकी, मोठ्याने, सगळ्या भावंडांनी मिळून. मी त्या काळाच्या प्रेमात नाही. तो परवचा ठरावीक घरांत होता, बऱ्याच घरांत मुलींना त्या वेळी चुलीपाशी बोलावलं जायचं, आणि चुकलं की पाठीत धपाटाही असायचा. ते सगळं जाऊ दे. पण त्यात चार गोष्टी शहाणपणाच्या होत्या. वेळ ठरलेली होती. जागा ठरलेली होती. सुरू होण्याची खूण होती, ती म्हणजे दिवा. आणि थोडक्यात संपायचं.

या चार गोष्टी आजही करता येतात. रोज तीच वेळ आणि तीच जागा असली की ‘बसायचं की नाही’ हा रोजचा वाद संपतो. चंचल मुलाची निम्मी शक्ती त्या वादातच जाते. वेगळी खोली लागत नाही. ओटीचा कोपरा चालतो, पाट आणि चौरंग चालतो. फक्त समोर टीव्ही नको आणि समोर रस्ता नको. बसण्यापूर्वी खाणं आणि तासभर खेळ, धावणं, सायकल, किनाऱ्यावर जाणं. खेळ हे अभ्यासाचं बक्षीस म्हणून मागाहून देऊ नका, आधी द्या. धावून आलेलं शरीर बसायला तयार असतं.

पेन्सिल, खोडरबर, पट्टी, पाण्याची बाटली सगळं एका डब्यात आधीच ठेवा. ‘खोडरबर सापडत नाही’ ही सबब डब्यामुळे जाते.

आता मोबाईल. कोविडच्या वर्षात शाळाच मोबाईलमध्ये शिरली. त्यातच 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा काय हाल झाले ते तुम्ही भोगलंय. शाळा परत शाळेत गेली, पण गृहपाठ पुष्कळ ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवरच राहिला. मग मूल गृहपाठ बघायला फोन घेतं आणि दहा मिनिटांनी रील बघत असतं. यात त्याचा दोष थोडा आहे. रील बनवणाऱ्यांचा धंदाच लक्ष वेधण्याचा आहे, आणि आपण त्यांच्यासमोर आठ वर्षांच्या मुलाला एकटं उभं करतो. साधा उपाय : गृहपाठ तुम्ही वाचा, कागदावर उतरवून द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तुमचाही. ही आपली ट्राम आहे.

लक्ष उसनं द्या

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की याचं ‘विचार आणि भाषा’ हे पुस्तक 1934 साली आलं. त्याचं एक निरीक्षण असं : लहान मूल अवघड काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतं. ‘आता हा घेऊ, नाही, हा इथे नाही बसत.’ हळूहळू ते पुटपुटणं होतं, मग आतल्या आत जातं, आणि त्यालाच आपण विचार म्हणतो. आणि मुळात ते बोलणं येतं मोठ्यांकडून. आई आधी जे बाहेरून म्हणते, ते मूल नंतर स्वतःला म्हणतं.

याचे दोन अर्थ निघतात. एक, मूल गणित करताना बडबडत असेल तर ‘गप्प बसून कर’ म्हणू नका. ते स्वतःला धरून ठेवतंय. दोन, आज आपण त्याला जे म्हणतो तेच उद्या त्याच्या आत बोलणार आहे. ‘कितीदा सांगायचं, मूर्ख आहेस का?’ हा आवाज आत बसला तर आयुष्यभर तो पहिल्याच चुकीला तो ऐकेल. ‘कुठे होतो आपण? हं, इथे. आता पुढे काय?’ हा आवाज बसला तर तो स्वतःला परत आणायला शिकेल.

म्हणून जवळ बसा. समोर बसून पहारा करू नका, बाजूला तुमचं काम घेऊन बसा. तांदूळ निवडा, वाल सोला, कोलंबी साफ करा, पेपर वाचा. घरात एक माणूस शांतपणे एक काम करतोय, हे दिसणंच मुलाला धरून ठेवतं. पहिलं उदाहरण दोघांनी मिळून करा, कारण सुरू करणं हीच या मुलांची खरी अडचण असते. दुसरं त्याला बोलत बोलत करू द्या. तिसऱ्याला तुम्ही तांदळाकडे बघा.

काम तुकड्यांत द्या. ‘गृहपाठ कर’ ही एक सूचना नाही, त्यात वीस सूचना दडल्यात. ‘वही काढ. पान उघड. पहिली तीन कर, मग मला दाखव.’ पानावर दहा उदाहरणं दिसली की छाती दडपते, तर खालची सात कोऱ्या कागदाने झाका. लहान मुलाला दहा-पंधरा मिनिटांनी उठू द्या. झाडाला तांब्याभर पाणी घालून ये, अंगणात एक चक्कर मारून ये. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मोबाईल नाही, टीव्ही नाही, कारण तिथून परतीची वाट लांब आहे.

आणि मन उडालेलं दिसलं तर? बोट ओळीवर ठेवा. एवढंच. भाषण नको. भाषण हे दुसरं मोठं विचलन असतं आणि ते आपणच घडवतो. शेजारी एक चिठ्ठी ठेवा, ‘नंतरची’ म्हणून. गणित करताना पतंग आठवला तर त्यावर ‘पतंग’ लिहायचं आणि परत यायचं. अभ्यास संपल्यावर ती चिठ्ठी वाचायची, आणि पतंगाला खरंच वेळ द्यायचा. नाही दिलात तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी चालणार नाही. मुलं फसत नाहीत.

परत आल्याची दखल घ्या. ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘मगाशी उठलास, पण स्वतःहून परत आलास’ हे म्हणा. जे खरंच झालं ते सांगा. मूल ते पुन्हा करेल.

सिमोन वेल नावाची एक फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेली. मुलींच्या शाळांत शिकवायची. शाळेतल्या अभ्यासावर तिचा 1942 सालचा एक निबंध आहे. त्यात ती म्हणते की मुलांना ‘लक्ष द्या’ म्हटलं की ती भुवया आवळतात, श्वास रोखतात, अंग ताठ करतात. दोन मिनिटांनी विचारा, कशाकडे लक्ष दिलंत? सांगता येत नाही. त्यांनी फक्त स्नायू आवळले होते. आपण ओरडतो तेव्हा नेमकं हेच मिळतं. घाबरलेलं मूल ताठ बसतं आणि आपल्याला वाटतं, लागलं लक्ष.

केव्हा थांबायचं

शेवट ठरलेला असू द्या. केंद्र सरकारचं 2020 सालचं दप्तराविषयीचं धोरण आहे, त्यात गृहपाठाबद्दलही सांगितलं आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी दिवसाला फार तर एक तास. नववीपासून पुढे दिवसाला दोन तास. आता तुमच्या घरातला चौथीतला मुलगा रोज दोन तास बसत असेल, तर सरकारच्या मते तो आठवड्याचा कोटा एका संध्याकाळी संपवतोय. वेळ झाली की थांबा आणि वहीत बाईंना दोन ओळी लिहा : ‘एवढा वेळ प्रामाणिकपणे बसला, इतकं झालं, इथे अडलं.’ त्या दोन ओळींचा बाईंना अर्धवट कॉपी केलेल्या दहा उदाहरणांपेक्षा जास्त उपयोग आहे.

मारण्याविषयी एकच वाक्य. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली. घराच्या दारावर तो कायदा लावलेला नसतो, तो आपण लावायचा.

डॉक्टरांचं काम कुठे सुरू होतं

काही मुलांची चंचलता आपल्या या डबे-चिठ्ठ्यांनी आटोक्यात येत नाही. घरातही तेच, शाळेतही तेच, खेळातही पाळी येईपर्यंत थांबता येत नाही, सहा महिन्यांहून जास्त काळ, आणि बारा वर्षांच्या आतच सुरू झालेलं. मग तज्ज्ञांना दाखवा. एडीएचडी म्हणतात ती ही अवस्था असू शकते, तिचं निदान डॉक्टरच करू शकतात आणि तिच्यावर उपचार आहेत. त्याआधी डोळे, कान आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासा. वाचताना अक्षरं सतत चुकत असतील तर अध्ययन अक्षमता असू शकते, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. शाळेत विचारा, जिल्हा रुग्णालयात विचारा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चष्मा लावायला आपण लाजतो का?

विनोबा आपल्याच जिल्ह्याचे, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना एकाग्रतेबरोबर त्यांनी जीवनातल्या परिमिततेचा आग्रह धरला आहे. म्हणजे खाणं, बोलणं, बघणं सगळं मापात. मला वाटतं, हा उपदेश मुलांपेक्षा घराला आहे. ज्या घरात टीव्ही कोणी बघत नसतानाही चालू असतो, जेवताना चौघांच्या हातात चार फोन असतात, त्या घरात एका दहा वर्षांच्या मुलाने एकाग्र व्हावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

माझं बोलणं इथे थांबवतो. तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आमचा मुलगा मोबाईलवर तीन तास हलत नाही. मग त्याला लक्ष देता येत नाही असं कसं म्हणायचं? तो नाटक करतो.*

नाटक नाही. मघाचा फरक आठवा. मोबाईलमध्ये लक्ष लागतं, ते वेधून घेतलं जातं. दर काही सेकंदांनी नवं काहीतरी येतं, त्यामुळे परत यायचे कष्टच नाहीत. गृहपाठात लक्ष द्यावं लागतं. उतारावर सायकल तीन तास चालवली म्हणून चढ चढता येईल असं होत नाही. चढाचा सराव वेगळा करावा लागतो, आणि तो थोड्याथोड्याने. आज पाच मिनिटं बसतो? मग सहाव्या मिनिटाचं ध्येय ठेवा, साठाव्याचं नको.

*प्रश्न : सर, मी मासळी विकते. घरी यायला आठ वाजतात. मी फार शिकलेली पण नाही. माझ्या मुलीजवळ बसायचं कोणी आणि तपासायचं कोणी?*

ताई, तुमचा प्रश्न आजचा सगळ्यात खरा प्रश्न आहे. जवळ बसायला आईच हवी असं नाही. शेजारची दोन-तीन मुलं एका ओटीवर एकत्र बसवा, एखादी आजी असेल तर तिला तिथे बसू द्या. मुलं एकमेकांना धरून ठेवतात. आणि तपासायला लिहितावाचता यायची गरज नाही. रात्री जेवताना विचारा, ‘आज काय शिकलीस, मला समजावून सांग.’ तिला जे कळलंय ते ती सांगेल, जे कळलेलं नाही तिथे अडखळेल, आणि ते तुम्हाला लगेच समजेल. भावात अडखळणारं गिऱ्हाईक तुम्ही ओळखता ना, तसंच. मग ती जागा सकाळी बाईंना विचारायला सांगा. दहा मिनिटं पुरे. पण त्या दहा मिनिटांत तिच्याकडे बघा.

*प्रश्न : तुमच्या मुलाचं पुढे काय झालं?*

(थोडं थांबून) बरं चाललंय त्याचं. विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीत तो तासन्‌तास रमतो, तिथे त्याचं लक्ष लागतं. आता त्याची मुलगी तिसरीत आहे. मागच्या सुट्टीत ती गणित करताना उठून मांजराच्या मागे गेली. मी बघत होतो, हा आता काय करतो. त्याने काही केलं नाही. ती परत आली तेव्हा ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘इथे होतो आपण.’ मला तिथे बसवेना, मी उठून बाहेर गेलो.

चला, उशीर झालाय, घरी मुलं वाट बघत असतील. आज गेल्यावर गृहपाठ झाला का, हे पहिलं विचारू नका. नमस्कार.